अमेरिकेत डाळ शिजली नाही, म्हणून काय झालं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ब्रिटिश गायकांवरचा लेख वाचला. माहिती चांगली होती, पण रॉबी विल्यम्सपाशी येऊन लेखकाने ‘अमेरिकेत मात्र त्याची डाळ शिजली नाही’ असा जो सुस्कारा टाकला आहे, तो खटकला. ऑगस्ट २००३ मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या मैदानात तीन दिवसांत मिळून पावणेचार लाख लोक या माणसाला ऐकायला जमले होते. तोच विल्यम्स लॉस एंजेलिसमध्ये घर घेऊन राहिला, कारण तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं आणि त्यालाही तेच हवं होतं. असं त्याने स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. यात हळहळण्यासारखं काय आहे, ते मला कळलं नाही.

परदेशी गायकाबद्दल लिहायचं म्हटलं की आपल्याकडच्या लेखकांच्या हातात अमेरिकेची फूटपट्टीच का येते? तिथल्या यादीत जो बसला तो मोठा, न बसला तो ‘स्थानिक’. या हिशेबाने ‘द ट्रॅजिकली हिप’ हा कॅनडाचा बँड स्थानिकच ठरेल. त्याचा गायक गॉर्ड डाउनी याला मेंदूचा कर्करोग झाला असून तो बरा होणारा नाही, हे मे २०१६ मध्ये जाहीर झालं. त्याच उन्हाळ्यात बँडने देशभर दौरा केला आणि २० ऑगस्टला किंग्स्टन या आपल्या गावी शेवटचा कार्यक्रम केला. रिओ ऑलिम्पिक चालू होतं, तरी सीबीसी या सार्वजनिक वाहिनीने तो एकही जाहिरात न घेता थेट दाखवला. पंतप्रधान ट्रुडो प्रेक्षकांत होते. सुमारे १ कोटी १७ लाख लोकांनी तो पाहिला. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन कोटींच्या थोडी वर होती, म्हणजे जवळजवळ दर तिसरा माणूस त्या रात्री हेच पाहत होता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात डाउनी गेला.

आणि किंग्स्टन कुठे आहे? सेंट लॉरेन्स नदीच्या काठावर. पलीकडे न्यूयॉर्क राज्य. भाषा एक, वाद्यं तीच, १९९५ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’सारख्या अमेरिकी कार्यक्रमात गाण्याची संधीही मिळालेली. सीमेलगतच्या काही शहरांत चाहते जमले, पुढे काही सरकलं नाही.

याचं नेहमी दिलं जाणारं कारण असं की त्यांची गाणी फार कॅनडाची आहेत. खरं आहे ते. १९९२ च्या त्यांच्या एका गाण्यात बिल बॅरिल्को या आइस हॉकीपटूची हकिकत आहे. १९५१ मध्ये त्याने टोरंटोच्या संघाला निर्णायक गोल करून स्टॅन्ली कप मिळवून दिला आणि त्याच उन्हाळ्यात तो विमानासकट बेपत्ता झाला. मग त्या संघाला १९६२ पर्यंत कप मिळाला नाही, आणि त्याच वर्षी विमानाचे अवशेष सापडले. हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या गाण्यातलं अर्धं कळणार नाही. त्याच आल्बममधलं दुसरं गाणं डेव्हिड मिलगार्डवर आहे. न केलेल्या खुनासाठी त्याने २३ वर्षं तुरुंगात काढली होती.

पण हे कारण पुरत नाही. ते पुरतं, तर रॉड्रिगेजचं काय करायचं?

सिक्स्टो रॉड्रिगेज हा गायक अमेरिकेतल्याच डेट्रॉइट शहराच्या कामगार वस्तीतला. त्याची गाणीही त्याच गल्ल्यांची: बेकारी, नशा, पोलीस, भ्रष्ट महापौर. १९७० मध्ये ‘कोल्ड फॅक्ट’ आणि पुढच्या वर्षी दुसरा आल्बम निघाला. अमेरिकेत दोन्ही पडले, कंपनीने त्याला सोडलं, काही वर्षांत कंपनीच बंद झाली. हा आपला पाडकामावर मजुरी करू लागला. इकडे दक्षिण आफ्रिकेत, वर्णभेदाच्या राजवटीत, त्याच डेट्रॉइटच्या गाण्यांची एका पिढीने पारायणं केली. सरकारी नभोवाणीला त्यातलं एक गाणं इतकं झोंबलं की रेकॉर्डवर ओरखडे ओढून ते वाजवण्याजोगं ठेवलं नाही. देशावर बहिष्कार असल्यामुळे बाहेरची खबर येत नव्हती, त्यामुळे हा गायक मंचावरच आत्महत्या करून मेला अशी वदंताही पक्की झाली. खपाचे पैसे त्याला मिळाले नाहीत आणि आपण तिथे प्रसिद्ध आहोत याचा त्याला पत्ताही नव्हता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी चाहत्यांनी त्याला शोधून काढलं आणि मार्च १९९८ मध्ये तो तिथल्या भरगच्च सभागृहांत गायला. त्याच्यावरच्या ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या माहितीपटाला २०१३ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा कुठे अमेरिकेला त्याचं नाव कळलं.

(जाता जाता: रॉड्रिगेज ऑस्ट्रेलियातही लोकप्रिय होता. १९७९ आणि १९८१ मध्ये त्याने तिथे दौरे केले होते. माहितीपटात याचा उल्लेख नाही. कथा जास्त रंगावी म्हणून गाळलं असणार, पण गाळायला नको होतं.)

तेव्हा गाणं किती ‘स्थानिक’ आहे यावर ते परमुलखात पोहोचेल की नाही हे ठरत नाही. रेकॉर्ड कुणी काढली, कुणी आयात केली, रेडिओवर कुणी वाजवली, सरकारने काय अडवलं, यावर ते बरंचसं ठरतं. कॅनडाने १९७१ मध्ये नियम केला की एएम रेडिओ केंद्रांनी निदान ३० टक्के संगीत कॅनडाचं वाजवायचं. पुढे हा आकडा वाढला. फ्रान्समध्ये १९९६ पासून रेडिओवर ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतली असावी लागतात. अशा नियमांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. शेजारी एवढा मोठा भोंगा असताना आपला आवाज ऐकू यावा म्हणून दार थोडं लोटून घ्यावंच लागतं.

अर्थात दर वेळी अमेरिकेलाच दोष देता येणार नाही. फ्रान्सचा गायक जॉनी हॅलिडे याने रॉक अँड रोल हे मूळ अमेरिकी संगीत फ्रेंचांना फ्रेंचमध्ये ऐकवलं. ज्या अमेरिकनांच्या घरी एल्विस प्रेस्ली होता त्यांनी ते कशाला विकत घ्यावं? पण डिसेंबर २०१७ मध्ये त्याची अंत्ययात्रा पॅरिसच्या शांझेलिझेवरून निघाली तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उभे होते आणि राष्ट्राध्यक्षांनी चर्चबाहेर भाषण केलं. एक गंमत अशी की ऑक्टोबर १९६६ मध्ये याच हॅलिडेच्या कार्यक्रमांत आधी वाजवायला एक नवखा त्रिकूट बँड असे. त्याचा गिटारवादक होता जिमी हेंड्रिक्स. आज आपल्याकडे त्या दोघांपैकी कुणाचं नाव लोकांना माहीत आहे, हे सांगायला नको.

पूर्वेकडे वळलो तर आपलं अज्ञान आणखी उघडं पडतं. तैवानची तेरेसा तेंग १९९५ मध्ये वारली. तिची प्रेमगीतं चीनमध्ये कॅसेटवरून हातोहात पसरली, तीही सरकारला ती नकोशी असताना. चीनचे तेव्हाचे नेते डेंग श्याओपिंग यांचं आणि तिचं आडनाव चिनीत एकच, त्यामुळे लोक म्हणत: दिवसा थोरल्या डेंगचं ऐकायचं, रात्री धाकटीचं. जपानीतही ती गायली आणि तिथेही गाजली. आपल्या किती वाचकांनी तिचं नाव ऐकलं असेल? आणि आपण तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची? ‘आवारा’ १९५४ मध्ये सोव्हिएत संघात पोहोचला आणि मुकेशचा आवाज तिथे घरोघरी गेला, कारण दोन सरकारांना ते हवं होतं. पश्चिम युरोपात तशी कुणाला गरज वाटली नाही, म्हणून तिथे तो घरोघरी गेला नाही. मुकेश दोन्हीकडे तोच होता.

आता सगळं फोनवर मिळतं, मग वृत्तपत्राने कशाला सांगायचं, असं कुणी म्हणेल. मिळतं हे खरं, पण नावच माहीत नसेल तर शोधणार काय? फोन तर आपण काल जे ऐकलं त्याच्याच आसपासचं आज पुढे करतो.

म्हणून विनंती अशी की पुरवणीतल्या संगीताच्या पानावर महिन्यातून एकदा तरी एखाद्या देशाचा असा लाडका गायक घ्यावा. शक्यतो तो हयात असताना. मृत्युलेखातून ओळख होणं फार उशिराचं. लेखात त्याला अमेरिकेत किती यश मिळालं हे लिहिलं नाही तरी चालेल, पण ऐकायला कोणत्या गाण्यापासून सुरुवात करावी हे जरूर लिहावं. इजिप्तच्या उम कुलसुम यांचं एकेक गाणं तासभर चालतं, तेव्हा तीही पूर्वकल्पना द्यावी. तेरेसा तेंगला भाषा न कळताही ऐकता येईल. ‘ट्रॅजिकली हिप’च्या गाण्यांना मात्र तळटिपा द्याव्या लागतील, त्या हव्या तर मी लिहून पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक