कॅप्टन, सुआरेझला थांबवलंत त्याबद्दल

प्रिय स्टीव्हन जेरार्ड यांस,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट 2013 मध्ये लिव्हरपूल क्लबचे कॅप्टन म्हणून तुम्ही, क्लब सोडायला निघालेल्या आपल्या स्ट्रायकर लुईस सुआरेझशी जे बोललात, त्याचे आभार मानायला हे पत्र लिहितो आहे. तुम्हाला 2005 च्या इस्तंबूलमधल्या चॅम्पियन्स लीग फायनलबद्दल आणि त्याआधी ग्रीसच्या ऑलिम्पियाकोसविरुद्धच्या त्या गोलबद्दल हजारोंनी धन्यवाद दिले असतील. ते सगळं आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. हे बोलणं मात्र कुणी पाहिलं नाही. त्याबद्दल पुढे तुम्ही सांगितलंत, सुआरेझनेही सांगितलं, आणि मग आमच्यासारख्यांना कळलं की त्या उन्हाळ्यात आमचा सीझन कुणी वाचवला.

तो उन्हाळा फार वाईट गेला होता. 2012-13 मध्ये आपण सातवे आलो होतो. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा, 2009 नंतर पुन्हा पाहिलीच नव्हती. ओवेन गेला, अलोन्सो गेला, मास्चेरानो गेला. 31 जानेवारी 2011 ला तर टोरेस 5 कोटी पौंडांना चेल्सीला गेला. त्याच दिवशी सुआरेझ आला म्हणून आम्ही कसेबसे सावरलो होतो. आता तोही निघाला म्हटल्यावर पायाखालची जमीनच सरकली. चांगला खेळाडू लिव्हरपूलला येतो, नाव कमावतो आणि पुढे जातो, हे आम्ही जवळजवळ मान्य करून टाकलं होतं. मोठ्या क्लबच्या चाहत्याला याच्याइतकं काहीच झोंबत नाही.

आणि कुठे निघाला होता? आर्सेनलला. रिअल माद्रिदला जातो म्हणाला असता तर वाईट वाटलं असतं, पण समजून घेतलं असतं. आर्सेनल आपल्याच लीगमधला, आपल्याच बरोबरीचा, चॅम्पियन्स लीगचं दार उघडणाऱ्या चौथ्या जागेसाठी आपल्याशी झगडणारा क्लब. त्यांनी जुलैअखेर 4,00,00,001 पौंडांची बोली लावली. तो वरचा एक पौंड पाहून लिव्हरपूलच्या प्रत्येक चाहत्याचं डोकं फिरलं. पुढे सुआरेझने वर्तमानपत्रांना मुलाखती दिल्या. चॅम्पियन्स लीग मिळाली नाही तर जाऊ देऊ, असा शब्द क्लबने मला दिला होता, असं त्याचं म्हणणं होतं. आपले मॅनेजर ब्रेंडन रॉजर्स यांनी त्याला संघापासून वेगळं काढलं आणि एकट्याने सराव करायला लावला.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण आपले बरेच चाहते ती टाळतात. सुआरेझचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. त्याच्या करारात 4 कोटी पौंडांच्या वरच्या बोलीबद्दलचं कलम होतं, म्हणूनच आर्सेनलने तो एक पौंड वर लावला. क्लबने तेव्हा त्याचा अर्थ वेगळा लावला, आणि पुढे 2014 मध्ये मालक जॉन हेन्री यांनीच एका जाहीर परिषदेत सांगितलं की कलम होतं, तरीही आम्ही विकायचं नाही असं ठरवलं. निर्णयाचा फायदा मला झाला, म्हणून मी तो योग्यच होता असं म्हणणार नाही. पण कागदाच्या जोरावर क्लब त्याला फक्त अडवून ठेवू शकत होता. मनातून नाराज असलेला सुआरेझ वर्षभर मेलवूडला, आपल्या सरावाच्या मैदानावर, येत राहिला असता, तर त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. त्याला अडवलं क्लबने. त्याचं मन वळवलं तुम्ही. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि माझे आभार दुसऱ्या गोष्टीसाठी आहेत.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की घराघरांत दोन तट पडतात. गेल्या सीझनला आपल्या तालमीकडून खेळलेला पोरगा यंदा समोरच्या टीमच्या जर्सीत उतरला, तर ते दुःख काय असतं हे इथल्या लहान मुलालाही सांगावं लागत नाही. आणि असं कुणी निघालं की पेठेतलं एखादं जाणतं माणूस त्याच्या घरी जातं, बसतं, बोलतं. ओरडणारे पुष्कळ असतात, पण निकाल लागतो तो त्या घरी बसून बोलणाऱ्याकडून. 2013 मध्ये लिव्हरपूलसाठी ते जाणतं माणूस तुम्ही झालात.

तुम्हीच का होऊ शकलात, याचं कारणही आम्हाला ठाऊक आहे. 2004 मध्ये चेल्सीने तुम्हाला बोलावलं होतं. 2005 च्या जुलैमध्ये, इस्तंबूलला युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगची ट्रॉफी) उचलून सहा आठवडेसुद्धा झाले नव्हते, तेव्हा तुम्ही स्वतः क्लब सोडायचं कळवलंत. तुमचं नाव असलेल्या जर्सी लोकांनी जाळल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही निर्णय फिरवलात आणि थांबलात. जाऊ की राहू या कात्रीत सापडलेल्या खेळाडूच्या डोक्यात काय चालतं, एजंट काय सांगतात, क्लबचं मौन कसं टोचतं, हे तुम्ही भोगलं होतं. म्हणून तुम्ही सुआरेझला निष्ठेचे धडे दिले नाहीत. याच क्लबमध्ये वाढलेल्या कॅप्टनने उरुग्वेहून आलेल्या माणसाला लिव्हरपूलवर प्रेम कर म्हणून सांगितलं असतं, तर त्याने ऐकून घेतलं असतं आणि निघून गेला असता.

तुम्ही त्याला त्याच्या फायद्याचं सांगितलंत. आर्सेनलला जाऊ नकोस, ती तुझी जागा नाही. एक वर्ष थांब, गेल्या वर्षीसारखा खेळ, मग रिअल किंवा बार्सिलोना स्वतः येतील आणि तेव्हा तुला कुणी अडवणार नाही. म्हणजे त्याला थांबवताना तुम्ही त्याच्या जाण्याची वाटही मोकळी ठेवलीत. ‘हा कायमचा आपला राहील’ असं खोटं आश्वासन तुम्ही आम्हा चाहत्यांना दिलं नाहीत आणि त्यालाही त्यात बांधलं नाहीत. रॉजर्स आणि त्याच्यातली तेढ सुटावी म्हणून मध्यस्थीही केलीत. ऑगस्टमध्येच तो पुन्हा सगळ्यांबरोबर सराव करू लागला.

या सगळ्यात 3 ऑगस्टची संध्याकाळ मला फार महत्त्वाची वाटते. तुमची टेस्टिमोनियल, म्हणजे तुमच्या गौरवासाठीची मॅच होती, समोर पुन्हा ऑलिम्पियाकोसच. जमणारे पैसे ‘आल्डर हे’ नावाच्या बाल रुग्णालयाच्या कामासाठी जाणार होते. दिवस पूर्णपणे तुमचा होता. क्लब सोडू पाहणारा खेळाडू बदली म्हणून मैदानात आला तेव्हा लोक त्याची हुर्यो उडवतील अशी धास्ती होती. उलट आपल्या कट्टर चाहत्यांच्या कॉप स्टँडने त्याचं गाणं सुरू केलं. टीव्हीवर ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. जुलैभर शिव्या देणारे आम्ही, तो समोर आल्यावर मात्र आम्हाला त्याला ‘जाऊ नकोस’ एवढंच सांगायचं होतं. पुढे त्याने उरुग्वेच्या पत्रकारांना, लोकांच्या प्रेमामुळे मी राहतोय, असं सांगितलं. त्या प्रेमाला तुमच्या शब्दाची जोड नसती, तर एका संध्याकाळच्या गाण्यावर तो राहिला असता असं मला वाटत नाही.

सुआरेझ साधुसंत होता असं मी म्हणत नाही. मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला वर्णद्वेषी बोलल्याच्या प्रकरणात त्याला आठ सामन्यांची बंदी झाली ती योग्य होती, आणि त्या वेळी क्लबने ज्या तऱ्हेने त्याची बाजू घेतली ती मला आजही पटत नाही. एप्रिल 2013 मध्ये चेल्सीच्या इव्हानोविचला तो चावला, त्याची दहा सामन्यांची बंदी नव्या सीझनमध्येही उरलीच होती. म्हणजे ज्या खेळाडूला ठेवण्यासाठी एवढा आटापिटा झाला, तो पहिले पाच लीग सामने खेळणारच नव्हता! आपला दुसरा स्ट्रायकर स्टरिजने एकट्याच्या खांद्यावर ते आठवडे ओढले. पहिले तीन सामने आपण 1-0 ने जिंकलो आणि तिन्ही गोल त्याचे होते.

मग सुआरेझ आला. सप्टेंबरअखेर संडरलंडविरुद्ध दोन गोल केले आणि जर्सी वर करून नुकत्याच जन्मलेल्या मुलाचं नाव दाखवलं. 4 डिसेंबरला नॉर्विचविरुद्ध एकट्याने चार गोल. त्यातला पहिला इतक्या लांबून मारला होता की इथे मध्यरात्र उलटून गेलेली असताना मी जोरात ओरडलो आणि घरचे सगळे उठून बसले. त्यानंतर टॉटनहॅमच्या मैदानावर 5-0. तुम्ही दुखापतीमुळे बाहेर होतात आणि कॅप्टनचा पट्टा त्याच्या दंडावर होता. चार महिन्यांपूर्वी एकट्याने धावायला लावलेला माणूस तुमच्या जागी संघाला घेऊन मैदानात उतरला. पाच दिवसांनी त्याने नव्या करारावर सही केली.

8 फेब्रुवारी 2014 ला आर्सेनल आपल्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर आले. वीस मिनिटांत 4-0, शेवटी 5-1. गंमत म्हणजे त्यात सुआरेझचा एकही गोल नव्हता. श्कर्टेलचे दोन, स्टर्लिंगचे दोन, स्टरिजचा एक. पण त्याने मारलेली एक व्हॉली खांबावर आदळली, आणि तो आवाज मला त्या दिवसाच्या पाचही गोलांपेक्षा जास्त आवडला. त्या सामन्यापासून लीगमध्ये सलग अकरा विजय मिळाले. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर 3-0, दोन पेनल्टी तुमच्या, तिसरा गोल त्याचा. मँचेस्टर सिटीवर 3-2. चोवीस वर्षांनी लीग येते आहे असं वाटू लागलं होतं.

आली नाही. तुमचा पाय घसरला आणि आपण चेल्सीकडून हरलो, त्या 27 एप्रिलबद्दल मी तुम्हाला काही लिहिणार नाही. तुम्हाला त्याची आठवण करून देणारे लोक कमी नाहीत, आणि त्या संघाला तिथवर आणणारा माणूसही तुम्हीच होतात हे ते सोयीने विसरतात. क्रिस्टल पॅलेसला 3-0 पुढे असताना 3-3 झालं, सुआरेझ जर्सीत तोंड लपवून रडत होता, आणि त्याला धीर देत बाहेर आणणाऱ्यांत तुम्ही होतात. ज्याला नऊ महिन्यांपूर्वी इथे राहायचंच नव्हतं, तो ही लीग आपली झाली नाही म्हणून रडत होता. कुणी माझ्याकडे त्या वर्षाची कमाई मागितली, तर मी ट्रॉफीच्या जागी हे दाखवेन.

आकडेही कमी नाहीत. लीगमध्ये 101 गोल, 84 गुण, सिटीपेक्षा फक्त दोन कमी. सुआरेझचे 33 सामन्यांत 31 गोल, त्यात एकही पेनल्टी नाही, कारण त्या तुम्ही घ्यायचात. खेळाडूंच्या संघटनेचा आणि पत्रकारांचा, दोन्ही पुरस्कार त्याला. आणि पाच वर्षांनी लिव्हरपूल पुन्हा चॅम्पियन्स लीगमध्ये. माझ्याबरोबर त्या वर्षी मॅच बघायला बसलेल्या कितीतरी पोरांनी फुटबॉल बघणं तेव्हाच सुरू केलं. 2020 मध्ये लीग आली तेव्हा त्यांचा आनंद मी पाहिला. पण वेड लागलं ते 2014 मध्येच.

तुम्ही सांगितलं तसंच पुढे झालं. जुलै 2014 मध्ये बार्सिलोनाने त्याला नेलं, आर्सेनलच्या बोलीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून. वर्ल्ड कपमध्ये तो पुन्हा चावला होता आणि चार महिन्यांची बंदी डोक्यावर होती, तरीही त्यांनी नेलं. वर्षभरात तो बर्लिनच्या फायनलमध्ये गोल करून युरोपचा विजेता झाला. त्या वेळी मला वाईट वाटलं, पण फसवल्यासारखं वाटलं नाही. टोरेस गेला तेव्हा तसं वाटलं होतं. या वेळी आपल्याला एक वर्ष मिळालं होतं, ते त्याने पुरेपूर दिलं आणि मग तो गेला. जाणाऱ्याला चांगल्या मनाने निरोप देता येणं, हेही आम्हाला तुमच्यामुळेच मिळालं.

मार्च 2015 मध्ये तुमच्या आणि तुमचा जुना सहकारी कॅरॅगरच्या संघांमध्ये अ‍ॅनफिल्डवर मदतनिधीची मॅच झाली. तुम्ही त्या सीझननंतर अमेरिकेला जाणार हे जाहीर झालं होतं. तुमच्या संघाकडून टोरेस आणि सुआरेझ एकत्र पुढे खेळले. एक आला त्याच दिवशी दुसरा गेला म्हणून जी जोडी 2011 मध्ये हुकली, ती चार वर्षांनी तुमच्यासाठी जुळून आली. सुआरेझ तेव्हा बार्सिलोनाचा होता, सीझन ऐन भरात होता, तरी तुमच्यासाठी तो आला. तुमचं ते बोलणं त्याच्या लेखी काय होतं, हे मला त्या दिवशी समजलं.

आमच्यासाठीही ते तेवढंच मोलाचं होतं. मनापासून आभार, कॅप्टन. कधी भारतात आलात तर वाट वाकडी करून कोल्हापूरला या. शाहू स्टेडियमवर सीझन सुरू असेल तर पेठेतली सगळी माणसं तुम्हाला सोबत घेऊन मॅचला बसतील, आणि त्या दिवशी तट पडणार नाहीत.

आपला नम्र,
लिव्हरपूलचा एक कोल्हापुरी चाहता