विषय : न केलेल्या ब्रेकच्या कामाचे पैसे परत मिळण्याबाबत

सातारा
दि. १८ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझी २०११ ची छोटी पेट्रोल गाडी पुढच्या चाकांतून किंचाळायला लागली म्हणून मी ती ३० जूनला तुमच्या साताऱ्याच्या वर्कशॉपमध्ये दिली. सांगितलं होतं एवढंच, की पुढचे पॅड बदला आणि ब्रेक ऑइल बदला. दोन तासांनी फोन आला : डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) संपल्या, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) गेले, मागचे शू घ्यावे लागतील, खर्च १८,६०० रुपये. वर सल्ला, "काका, इतक्या जुन्या गाडीला सगळंच करून घ्या." डिस्क किती मिलिमीटर उरली, असं मी विचारलं. उत्तर मिळालं नाही. मोजलीच नसावी. मग सांगितलं तेवढंच काम करायला लावलं.

बिल ४,२५० रुपये. त्यात पॅड बदलताना करायची कॅलिपर सर्व्हिस, दोन्ही बाजू, १,४०० आणि ऑइल बदल व ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) ८५०. माझी सगळी नोकरी हिशेबाच्या टेबलावर गेली, त्यामुळे बिलाची प्रत्येक ओळ वाचायची खोड अजून गेलेली नाही.

पाचव्या दिवशी कासहून परतताना यवतेश्वरचा घाट उतरत होतो. पेडल पार खाली जायचं, दोन-तीनदा दाबलं की मग ब्रेक धरायचा, आणि धरला की गाडी उजवीकडे ओढायची. शेजारी पत्नी होती. दुसऱ्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून खाली आलो.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या मिस्त्रीने माझ्यासमोर चाकं खोलली. डाव्या कॅलिपरची पिन, म्हणजे तो ज्यावर सरकतो ती, कोरडी ठणठणीत, गंजून जाम झालेली. ग्रीसचा थेंब नाही. लाइनमध्ये हवा होती. डिस्कच्या कडेवर किमान जाडी १५ मिमी कोरलेली आहे. व्हर्नियरवर मोजली तर प्रत्यक्ष जाडी १६.२ भरली. मागचे शूही अजून बरेच चालतील असं त्याने दाखवलं. पिन साफ करून ग्रीस लावलं, ऑइल भरून हवा काढली, ७०० रुपये घेतले. आता गाडी सरळ थांबते.

खरी गोष्ट तर तुम्हीच माझ्या हातात दिली होती. काढलेले जुने पॅड मी मागून घेतले होते. डाव्या चाकाचा आतला पॅड पत्र्यापर्यंत घासलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक. असं बहुधा पिन जाम असली की होतं, हे मला मिस्त्रीने सांगितल्यावर कळलं; तुमच्या माणसांना ते पॅड हातात घेतल्याबरोबर कळायला हवं होतं. संपूर्ण कॅलिपर बदलायला निघालात, पण पिन काही सोडवली नाहीत. गाडी जुनी आहे आणि माझं पेन्शन मोजकं आहे, म्हणून काम मोजकं सांगितलं होतं. सांगितलेलं तरी नीट व्हायला हवं होतं.

कॅलिपर सर्व्हिसचे १,४००, ब्लीडिंगचे ८५० आणि मिस्त्रीला दिलेले ७००, असे २,९५० रुपये १५ दिवसांत परत करावेत. डिस्क बदलायला कोणत्या मापाच्या आधारावर सांगितलं, तेही लेखी कळवावं. नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाईन. एवढ्या रकमेच्या दाव्याला तिथे शुल्कही पडत नाही.

बिलाची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत. जुने पॅड घरी जपून ठेवलेत. बघायचे असतील तर माणूस पाठवा, पण नेऊ देणार नाही.

आपला,
एक ग्राहक