परसबाग आखताना आधी ताटाचा हिशेब

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या पोषणासाठी सामूहिक परसबाग करावी, असे संस्था आणि देणगीदार आवर्जून सुचवतात. कल्पना चांगलीच आहे. पण अनेक आराखड्यांत पालेभाज्यांचे वाफे भरपूर आणि पोट भरणारे पीक नावालाच असते. हिशेब तिथेच चुकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ मधील तज्ज्ञ-बैठकीनुसार, लक्षणे नसतानाही एचआयव्ही असलेल्या प्रौढाची उष्मांकाची गरज सुमारे १० टक्के वाढते. आजारपणात आणि त्यातून उठताना ती २० ते ३० टक्के वाढते, तर वजन घटत असलेल्या मुलांमध्ये ५० ते १०० टक्के. एरवी २,००० उष्मांक लागणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे रोज २०० उष्मांक जास्तीचे. १०० ग्रॅम पालकात ते जेमतेम २३ असतात. एवढी तूट पालकाने भरायची तर रोज पाऊण किलोहून जास्त पालक खावा लागेल. तेच ३५ ग्रॅम शेंगदाण्यांत किंवा पाव किलोहून थोड्या कमी रताळ्यांत मिळतात. म्हणून आमचे मत असे, की पालेभाजीला एक तृतीयांश जागा पुरे. बाकी जागेत रताळी, लाल भोपळा, शेंगवर्गीय पिके घ्यावीत. पालेभाजी हवीच, जीवनसत्त्वांसाठी आणि लोहासाठी. पण धान्य, डाळ आणि तेलाचा शिधा बंद करून त्या बदल्यात वाफे देऊ नयेत. एक मोठा चमचा तेल सुमारे १२० उष्मांक देते. ते बागेत पिकत नाही.

सगळ्यांनाच जास्त खायला हवे, असेही नाही. औषधे सुरू झाल्यावर काहींचे वजन नको तितके वाढते. दर महिन्याला त्याच काट्यावर वजन करावे. महिन्याभरात ५ टक्के घट, म्हणजे ५० किलोच्या माणसाचे अडीच किलो कमी झाले, तर आहार वाढवून वाट पाहू नये, लगेच दवाखान्यात पाठवावे. त्यामागे क्षयरोग असू शकतो.

बागेची मांडणी सर्वांत अशक्त सदस्याला झेपेल अशी हवी. वाफा ६० ते ७५ सेंटिमीटर उंच असला की वाकावे लागत नाही. दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर रुंदी १.२ मीटर, एकाच बाजूने पोचत असेल तर ६० सेंटिमीटर. मधोमध कंपोस्टची टोपली असलेला, साधारण दोन मीटर व्यासाचा गोल वाफा आफ्रिकेच्या दक्षिण भागात याच गरजेतून रुजला. त्यात एक चूक वारंवार होते: पाणी फक्त वरून, झाडांना घातले जाते. टोपली कोरडी राहिली की आतला कचरा कुजत नाही आणि मुळे टोपलीकडे वळत नाहीत. रोप लागले की पाणी मुख्यतः टोपलीतच ओतायचे, आणि मातीला टोपलीकडून कडेकडे उतार ठेवायचा. कडक उन्हात दर चौरस मीटरला दिवसाला पाच लिटर पाणी धरावे. दहा लिटरच्या झारीऐवजी पाच लिटरच्या दोन ठेवा, दहा किलो उचलणे सगळ्यांना जमत नाही. सगळे बी एकाच दिवशी पेरू नये, नाहीतर सगळी भाजी एकाच आठवड्यात येते आणि पुढे वाफे रिकामे राहतात. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे पेरावे.

सुरक्षेकडे मात्र जितके लक्ष द्यावे तितके थोडेच. सीडी४ पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या दर घन मिलिमीटरमध्ये २०० च्या खाली असतील तर मातीतले जंतू जिवावर बेतू शकतात. मांजराच्या विष्ठेतून मातीत येणारा टॉक्सोप्लाझ्मा मेंदूला संसर्ग करतो, म्हणून हातमोजे घालावेत, काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत, वाफ्यांवर जाळी टाकावी. कोंबडीखत किंवा पक्ष्यांची विष्ठा कोरडी असताना हलवू नये, धुळीतून हिस्टोप्लाझ्मा बुरशी फुप्फुसात जाते. आधी ओले करावे, मास्क लावावा, आणि ज्यांच्या पेशी कमी आहेत त्यांना हे काम देऊच नये. कच्चे शेणखत घातले तर मातीला टेकणारी भाजी किमान १२० दिवस काढू नये. त्यापेक्षा पूर्ण कुजलेले खतच वापरावे. मोड आलेली कडधान्ये कच्ची देऊ नयेत, कारण मोड येण्याची ऊब जंतूंनाही मानवते. शिजवून द्यावीत. तोंडात छाले किंवा बुरशी असेल तर भोपळा-रताळे मऊ कुस्करून, कोमट, तिखट-आंबट टाळून, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे.

औषधांबाबत एक गैरसमज दिसतो. भाजीतले लोह-कॅल्शियम औषध अंगी लागू देत नाही, अशी भीती बाळगायचे कारण नाही, प्रश्न लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांचा आहे. डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीवरचे औषध उपाशीपोटी घ्यायचे असेल तर ते लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे; जेवणासोबत दोन्ही एकत्र चालतात. लसणाच्या कॅप्सूल किंवा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. बाग कितीही फुलली तरी औषधाचा एकही डोस चुकवायचा नाही, हे प्रत्येक बैठकीत सांगावे लागते. आणि उपाशीपोटी गोळ्यांनी मळमळते म्हणून डोस चुकवणारे असतात, त्यांच्यासाठी त्या वेळेचे जेवण ठरवून द्यावे.

शेवटचा मुद्दा गोपनीयतेचा. बागेवर एचआयव्हीचा उल्लेख असलेला फलक नको. सभासदत्व परिसरातल्या सर्वांना खुले ठेवावे, कामाच्या पाळीच्या तक्त्यावर आजाराची नोंद नसावी, आणि जो आजारी पडून येऊ शकला नाही त्याचा भाजीचा वाटा त्याने सांगितलेल्या माणसाच्याच हाती, इतरांच्या पिशवीसारख्याच पिशवीत पोचवावा.

आपले,
पोषण आणि परसबागेच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक