शिबिरं झाली, आता प्लेटलेटवाल्यांची यादी पण करा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

जयंती आली की आपल्या सोलापुरात रक्तदान शिबिरांचा नुसता धडाका असतो, शिवजयंती झाली, १४ एप्रिल झाला, मग गणपती, मधे कुणातरी दादांचा वाढदिवस, चौकाचौकात मांडव आणि भलंमोठं डिजिटल बॅनर. चांगलंच आहे, मी पण त्यात रक्त दिलंय, नावं ठेवायला हे पत्र नाही. पण डिजिटलवर बाटल्यांचा आकडा मोठा टाकायचा आणि पुढं काय होतं ते कुणी विचारायचं नाही असं चाललंय. लाल पेशी फ्रीजमध्ये महिनाभराच्या वर टिकतात, प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी, फक्त ५ दिवस. त्या पण फ्रीजमध्ये चालत नाहीत, २० ते २४ डिग्रीत सारख्या हलवत ठेवायला लागतात, त्यासाठी वेगळं मशीन असतं. म्हणजे एप्रिलमध्ये मांडवात कितीही रक्त गोळा करा, सप्टेंबर-ऑक्टोबरला डेंग्यू सुरू झाला की प्लेटलेटसाठी त्याच आठवड्यातला ताजा माणूस लागतो.

दुसरी गोष्ट तर बऱ्याच जणांना माहीतच नाही. रक्त दिलं की पुढचे २८ दिवस मशीनवर प्लेटलेट देता येत नाहीत. अख्ख्या मंडळाच्या पोरांनी एकाच दिवशी रक्त दिलं आणि पुढच्या आठवड्यात त्याच गल्लीतल्या कुणाला प्लेटलेट लागल्या तर सगळी पोरं बाद! मग नातेवाईक व्हॉट्सॲपवर मेसेज टाकत बसतात, आणि त्या मेसेजवर तारीख नसते, पेशंट बरा होऊन घरी गेला तरी तो मेसेज जुळे सोलापूरपासून कुंभारीपर्यंत फिरतच राहतो. असल्या नंबरवर फोन केला की समोरचा माणूस वैतागून म्हणतो, ओ दादा झालं की ते कवाच. कृपा करून मेसेजमध्ये तारीख, ब्लड ग्रुप आणि हॉस्पिटलचं नाव टाकत जा राव.

मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि काही वर्षांपासून प्लेटलेट देतोय. लोकांना वाटतं लई अवघड काम आहे. आमच्यातलाच एकजण म्हणाला होता, काढून घेतेत आणि परत घालतेत म्हणे, हे कसलं दान बे? तर तसंच आहे ते. हातातून रक्त मशीनमध्ये जातं, तिथं फिरून प्लेटलेट बाजूला निघतात आणि बाकीचं रक्त त्याच सुईतून परत येतं, असं आलटून पालटून तासभर ते दीड तास. रक्त जाताना दंडावरचा पट्टा आवळतो, तेव्हा हातातला बॉल दाबत राहायचं, परत येताना हात गार पडतो. रक्त गोठू नये म्हणून औषध मिसळतात, त्यानं कॅल्शियम थोडं खाली येतं आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात, लगेच सिस्टरला सांगायचं, त्या कॅल्शियमची गोळी देतात किंवा मशीनचा स्पीड कमी करतात. उगं मर्दानगी दाखवत गप पडून राहू नका. शेवटी वरच्या पिशवीत जे जमतं ते लाल नसतंच, पातळ कढीच्या रंगाचं असतं, पहिल्यांदा बघणारा प्रत्येकजण विचारतो हेच का ते.

अशा एका पिशवीत साधारण पाच-सहा जणांच्या बाटल्यांतून निघतील एवढ्या प्लेटलेट असतात, आणि पेशंटचा काउंट, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेटचा आकडा, तीस ते पन्नास हजारानं वर जाऊ शकतो. कॅन्सरची केमोथेरपी चालू असलेल्या पेशंटला तर हे पुन्हा पुन्हा लागतं. अक्कलकोट, मंगळवेढा, धाराशिव, विजयपूरकडनं लोक इलाजाला इथं येतात, त्यांच्या ओळखीचं शहरात कोण असतंय? आणि डेंग्यूवाल्यांनी पण एक लक्षात घ्या, काउंट साठ हजार झाला म्हणून लगेच पिशवी मागत डॉक्टरच्या मागं लागू नका. रक्तस्राव नसेल तर बहुतेक वेळा काउंट दहा हजाराच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवायची गरज नसते, ते डॉक्टरला ठरवू द्या. तुमच्या हट्टापायी चढवलेली पिशवी केमोवाल्याला मिळाली असती.

देणाऱ्यासाठी अटी साध्या आहेत. वय १८ ते ६०, वजन ५० किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा, स्वतःचा काउंट दीड लाखाच्या वर, आणि तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको. आधी रक्त तपासतात, हाताची शीर बघतात, शीर बारीक असली तर परत पाठवतात, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. खाऊन जा पण भजी-वडे खाऊन नको, तेलकट खाल्लं की रक्तातलं पाणी दुधाळ होतं आणि ते चालत नाही. ज्वारीची कडक भाकरी आणि वरण बेस्ट, शेंगाचटणी त्या दिवशी राहू द्या. आणि मशीनजवळ आडवं व्हायच्या आधी लघवीला जाऊन या, हे कुणी सांगत नाही पण दीड तास सुई लावून उठता येत नाही! शरीर दोन-तीन दिवसांत प्लेटलेट भरून काढतं, म्हणून नियमानं ४८ तासांनी परत देता येतं, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा आणि वर्षात २४ वेळा. एवढं कुणी देत नाही आणि द्यायची गरज पण नाही, यादीत माणसं भरपूर असली तर एकेकाची पाळी वर्षातून एक-दोनदाच येईल.

म्हणून मंडळांना विनंती आहे, शिबिर घ्याच, पण अर्धी पोरं त्या दिवशी मागं ठेवा. त्यांचा ग्रुप, वजन, शेवटचं रक्त कधी दिलं ते लिहून घ्या आणि फोन आला की ग्रुप जुळणाऱ्याला पाठवा. डिजिटलवर आकडा कमी दिसेल, दिसू द्या. कारखानदारांनी पण अशा कामगाराला अर्धा दिवस पगारी सुट्टी द्यावी, आमच्या मालकानं दिली, अवघड काही नाही. तुमच्या पेपरनं पावसाळ्याच्या तोंडावर यावर एखादं पान केलं तर बरं होईल. आमच्या गल्लीच्या मंडळानं साध्या वहीत यादी चालू केलीय, ओ आणि बी पॉझिटिव्हवाले बख्खळ मिळालेत, एबी निगेटिव्ह अजून एक पण सापडेना, कुणी असेल तर कळवा.

आपला,
एक वाचक, अशोक चौक, सोलापूर