मोडीत जाणारे फौजी स्टोव्ह

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरची जुनी तांब्यापितळेची भांडी मोडीत घालण्याची आपल्याकडे रीतच आहे आणि तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. मात्र या मोडीत दरवर्षी काही लष्करी स्टोव्हही जातात, हे सोलापुरातील जुन्या बाजारात आणि भंगाराच्या दुकानांत वीस वर्षे फिरल्यामुळे मी खात्रीने सांगू शकतो. ज्या घरातून ते जातात, त्या घराला आपण काय विकले याची बहुधा कल्पनाही नसते.

गेल्या महिन्यात बार्शी तालुक्यातून आलेल्या भांड्यांच्या ढिगात मला वीतभर उंचीचा एक स्टोव्ह मिळाला. तो अ‍ॅल्युमिनिअमच्या एका लांबट डब्यात बसवलेला होता आणि त्या डब्याचे दोन भाग वेगळे केले की त्यांचीच दोन पातेली होत होती. अमेरिकेतील विचिटा येथील कोलमन कंपनीने दुसऱ्या महायुद्धात, 1942 पासून, अमेरिकन सैन्यासाठी बनवलेला हा 520 क्रमांकाचा पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह. दुकानदाराने तो इतर पितळेबरोबर काट्यावर टाकला होता. कोणाकडून आला असे विचारल्यावर ‘एका म्हाताऱ्या फौजीच्या घरचा’ एवढेच उत्तर मिळाले. त्या जवानाचे नाव काय, पलटण कोणती, तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता की इटलीत, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. स्टोव्ह माझ्याकडे सुखरूप आहे, पण त्याच्याबरोबर यायला हवी होती ती हकिकत गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

असा स्टोव्ह ओळखणे वाटते तितके अवघड नाही. आपल्याकडे प्रायमस हा शब्द पंपाच्या कोणत्याही स्टोव्हसाठी वापरला जातो. मूळ प्रायमस स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी 1892 च्या सुमारास बाजारात आणला. घरगुती प्रायमस आणि लष्करी प्रायमस दिसायला पुष्कळदा सारखेच असतात, फरक असतो तो ठशांचा. ब्रिटिश सरकारच्या मालावर कोंबडीच्या पायासारखा, तीन रेघा एका टोकाला मिळालेला बाण ठोकलेला असतो. आपल्या लष्कराच्या वाहनांच्या नंबर प्लेटवर आजही सुरुवातीला वर टोक केलेला बाण दिसतो, तो त्याच खुणेचा वारसा. बाणाला जोडून इंग्रजी ‘आय’ असेल तर तो माल हिंदुस्थानसाठीचा, ‘सी’च्या पोटात बाण असेल तर कॅनडाचा, दोन ‘डी’च्या मधोमध असेल तर ऑस्ट्रेलियाचा. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठोकलेले असतील, तर ती वस्तू सैन्याने रीतसर विकून टाकली होती असे समजावे. फौजी वस्तू घरात ठेवल्याबद्दल उगाच धास्ती बाळगणाऱ्या कुटुंबांनी ही खूण अवश्य पाहावी. प्रायमसच्या टाकीवर 1911 पासून वर्षाचे एक अक्षरही ठोकलेले असे, त्यावरून तो कोणत्या साली तयार झाला हे काढता येते.

स्टोव्ह म्हटला की पितळी टाकी आणि तीन पाय डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे बाकीचे प्रकार तर ओळखूच येत नाहीत. ब्रिटिश फौजेचा ‘नंबर 2’ हा वाहनांवरच्या जवानांसाठी केलेला, पेटीत बसणारा, दोन बर्नरचा पेट्रोल स्टोव्ह होता आणि ती पेटी हत्यारांची समजून लोखंडाच्या भावात जाते. 1936 मध्ये जर्मनीत निघालेला एस्बिट हा तर तळहाताएवढा, पत्र्याचा, घडीचा स्टोव्ह; त्याला टाकी नाही, पंप नाही, त्यात घट्ट इंधनाच्या वड्या जाळत.

ठसे सर्वांत जास्त नष्ट होतात ते चकचकीत करण्याच्या हौसेपायी, आणि ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या संग्रहातील पहिला लष्करी प्रायमस मी एका पॉलिशवाल्याकडे दिला होता. त्याने तो बफिंगच्या चाकावर असा धरला की संध्याकाळी आरशासारखा स्टोव्ह हाती आला, पण बुडाजवळचा बाण आणि त्याखालचे साल पार पुसले गेले होते. बोटाने चाचपल्यावर बाणाच्या मधल्या रेघेचा जेमतेम खळगा लागतो, एवढेच आता शिल्लक आहे. म्हणून माझी विनंती आहे की असा स्टोव्ह सापडल्यास चिंच, लिंबू, राख किंवा विटेची भुकटी लावू नये. आंबट पदार्थ पितळेतील जस्त काढून घेतो आणि तांबूस डाग उरतात. घासलेटमध्ये बुडवलेल्या मऊ फडक्याने मळ काढावा, एवढे पुरे. अलीकडे भाव वाढवण्यासाठी साध्या स्टोव्हवर नवा बाण ठोकणारेही निघाले आहेत. अशा ठशाच्या कडा धारदार असतात आणि आतले पितळ आजूबाजूच्या पितळापेक्षा उजळ दिसते. शेजारची कारखान्याची अक्षरे झिजलेली आणि बाण मात्र कोरा, असे असेल तर तो स्टोव्ह घेऊ नये.

खेडेगावांत असे सामान गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेले असते, तेही घातक आहे. इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत असत आणि त्याचे कारण जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया हे 1921 मध्ये सिद्ध झाले. स्टोव्हची टाकीही पत्रा दाबून घडवलेली असल्याने तिला तसेच केसासारखे तडे जाऊ शकतात. अशा टाकीत हवा भरून स्टोव्ह पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्यातून पेट्रोलचा कोणता आणि घासलेटचा कोणता हे नीट ठाऊक नसेल तर धोका अधिकच. बर्नरखाली स्पिरिटची वाटी आणि टाकीवर हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो बहुधा घासलेटचा असतो आणि त्यात पेट्रोल घातल्यास भडका उडतो. काही जुन्या स्टोव्हमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेले असे, त्यामुळे आतले पांढरट पॅकिंग कोरडे खरवडू नये. ज्यांना तो पेटता पाहायची इच्छा आहे त्यांनी पंपाच्या स्टोव्हची दुरुस्ती केलेल्या जुन्या कारागिराकडूनच टाकी तपासून घ्यावी. आपल्या शहरात असे कारागीर अजून आहेत, मात्र ते सगळे साठीच्या पुढचे आहेत.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे मानाने मांडलेले आहेत, मग मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांनी ज्या युद्धात आफ्रिकेतील केरेनपासून इटलीपर्यंत मजल मारली, त्या युद्धातला चहाचा स्टोव्ह आपल्या जिल्ह्यात जपला जाऊ नये, असे का व्हावे? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांच्या कुटुंबांचे येणेजाणे असतेच. तेथे एक साधी नोंदवही ठेवून वस्तू, तिच्यावरचा ठसा, जवानाचे नाव, पलटण आणि गाव एवढे पाच रकाने भरून घेतले, तरी पुष्कळ काम होईल. वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच राहू द्यावी.

ज्यांना विकायचेच आहे त्यांनी जरूर विकावे, गरज असते हे मला समजते. फक्त काट्यावर ठेवण्यापूर्वी टाकीच्या बुडाचा आणि बाजूचा फोटो काढावा आणि तो कोणी, कोठून आणला हे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी स्टोव्हच्या पायाला दोऱ्याने बांधून द्यावी.

आपला,
एक निवृत्त गिरणी फिटर
सोलापूर