रामलिंगला एकटी नको

चि. प्राचीस अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. फोनवर आपलं दोघांचं लगेच वाजतं, म्हणून लिहायला बसलो.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळी मंडळी शेतातल्या कोपीत पांडवांच्या पूजेला, आणि तू ताट घेऊन पार बांधाच्या टोकाला चिंचेखाली. भज्जीचा घास हातात तसाच, कान होल्याच्या घुमण्याकडं. मावशी म्हणाली, पोरगी बोलत का नाही? मी म्हणालो, तिला बरं वाटतंय, बसू द्या. आणि तासभर तिथून नजर हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी रामलिंगच्या रानात एकटी जाते म्हणालीस, तेव्हा मी वाघाचं नाव काढलं. ते काही खोटं नव्हतं. टिपेश्वरचा वाघ यवतमाळाकडून साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत येडशीच्या याच रामलिंग अभयारण्यात येतो, कॅमेऱ्यात दिसतो, धरायला ताडोब्याचं पथक येतं तरी हाती लागत नाही. अशा रानात कुठला बाप पोरीला धाडील? तर म्हणे, "त्यालाही स्वतःची जागा हवी असेल, अण्णा." डेपोतल्या जुन्या मंडळींना मी हे दोनदा सांगितलं. बोलण्यात तू कुणाला हार जायची नाहीस.

रामलिंग मला नवं नाही. लातूर-बार्शी गाडीवर कंडक्टर होतो तेव्हा श्रावणात येडशीला निम्मी गाडी रिकामी व्हायची. सुट्टीला तुला न्यायचो. माकडं हातातला प्रसाद हिसकून न्यायची, तरी तू जटायूच्या समाधीपाशी बसून राहायचीस. रावणानं पंख तोडले, तो इथं पडला, रामानं बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, हे सगळं सांगून झाल्यावर तू विचारलंस, "राम येईपर्यंत त्याच्याजवळ कोण होतं?"

तुझं दुखणं मला कळत नाही असं नाही. रात्र-रात्र लॅपटॉप, छातीत धडधड. झाडाखाली बसलं की डोक्यातला गलका थांबतो म्हणतेस, तर थांबत असेल. ड्युटीवरून आलो की मीही आधी शेतात चक्कर मारायचो, मग घरात. पण बसायचं तर जेवून बसावं. गोळ्या मनानं बंद करू नयेत. रात्री अकराला फोन बाजूला ठेवावा, सकाळी अंघोळीआधी तो हातात घेऊ नये... झालं, लागलो तिकिटं फाडायला. राग मानू नकोस.

पण एकटी नको. वाघाचं सोड, तो त्याच्या वाटेनं जाईल. आपल्याकडं माणूस गप्प गप्प शेताकडं निघाला की घरातली बाई चूल सोडून मागं पळते. बापू "लिंबाखाली जरा बसून येतो" म्हणाला होता. डबाही नको म्हणाला. तू बसलीस ती चिंच त्या लिंबापासून दोनच बांध पलीकडं आहे, माय.

तर असं करू. महिन्याला ये, रामलिंगला जा. मी सोबत येतो, बोलणार नाही. देवळापाशी पेपर घेऊन बसतो. फक्त हाक मारली की ओ द्यायची. तासाला एकदा. बरं, दोन तासांनी. आणि वनखात्याचा माणूस नको म्हणाला तर मुकाट्यानं परत फिरायचं.

तुरीच्या शेंगा ट्रॅव्हल्सनं पाठवल्यात. मीठ घालून उकड, रूममधल्या पोरीलाही दे. सकाळी टेकडीवर जातेस म्हणालीस ना, तिलाही घेऊन जात जा.

तुझा
अण्णा