नखाखालचा ठणका ओळखणाऱ्यांचे आभार

पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली ठणका लागायचा, पण बाहेरून काही म्हणजे काही दिसायचं नाही. गार पाणी पडलं की कळ थेट पोटरीपर्यंत. एक्स-रे साफ. 'बूट बदला'पासून 'मनावर घेऊ नका'पर्यंत सगळे सल्ले ऐकून झाले होते.

मग ज्या डॉक्टर भेटल्या, त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. टाचणीच्या डोक्याने नखावर एकेक जागा दाबत गेल्या. एका ठिकाणी मी किंचाळलोच. शेजारी दाबलं तर काही नाही. मग पायाला रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवला, आणि तीच जागा दाबूनही फारसं दुखेना! "ग्लोमस ट्यूमर वाटतोय, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांपाशी होणारी छोटी गाठ. हा कॅन्सर नव्हे. आणि तुमचं दुखणं खरं आहे." या शेवटच्या वाक्याने मला निम्मं बरं वाटलं. एमआरआयमध्ये इवलीशी गाठ दिसली. अंगठा बधिर करून, नख उचलून त्यांनी ती अख्खी काढली, खालची त्वचा बारीक टाक्यांनी शिवली. तपासणीतही तेच निदान आलं.

त्या रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसेना. वॉर्डातल्या मावशींनी कुणी न सांगता सलाइनचं रिकामं खोकं आणलं, एक बाजू कापून पायावर उपडं घातलं आणि वरून पांघरूण सारखं केलं. "आता झोपा," एवढंच बोलल्या. इतकी साधी युक्ती मला सुचली नव्हती!

नख पुरतं यायला वर्ष-दीड वर्ष लागेल म्हणतात. लागू दे. डॉक्टर, मावशी, तुमचे मनापासून आभार.